आर्डिस हाउगनने निवडलेली रायफल

अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या हॅस्केट काउंटीत कुणालाही विचारा, आर्डिस हाउगनला बंदुकांचं भारी वेड, असंच सांगतील. शेरीफच्या ऑफिसातल्या सगळ्या बंदुका तिच्या ताब्यात. डेप्युटींना, म्हणजे शेरीफच्या हाताखालच्या पोलिसांना, नेमबाजी शिकवायची तीच, आणि बिघडलेली बंदूक उघडून नीट करायची तीही तीच. मग लोकांना तसं वाटणारच. खरं तर तिला वेड होतं गोधड्यांचं. दर गुरुवारी चर्चच्या तळघरात बायका गोधड्या शिवायला बसत, त्यात आर्डिसचा टाका सगळ्यांत बारीक. बंदूक तिच्या लेखी शिवणयंत्रासारखी. काम झालं की पुसायची, तेल द्यायचं, झाकून ठेवायची. कॅफेत बसून तासन्‌तास बंदुकांच्या गप्पा मारणाऱ्यांत तीही बसायची, पण ती मुख्यतः तिथल्या दालचिनीच्या रोलसाठी.

वाढली गव्हाच्या शेतावर. ऑफिसात आली ती तुरुंगावरची पहारेकरीण म्हणून. मग गस्तीवर गेली, पुढे सार्जंट झाली. बंदुकांचं काम तिच्या गळ्यात पडलं, कारण आधीचा माणूस निवृत्त झाला आणि तेलात हात काळे करायला दुसरं कुणी पुढे येईना.

ऑफिसच्या रायफली म्हणजे सैन्याने टाकून दिलेला माल. सरकारने फुकट दिल्या म्हणून घेतल्या. त्या जेव्हा कारखान्यातून निघाल्या तेव्हा आत्ताच्या निम्म्या डेप्युटींचे आईबापही शाळेत होते. एखादी कायमची बसली की आर्डिस तिचे आतले भाग काढून दुसरीला लावायची. असं करत करत तिने त्या कित्येक वर्षं चालवल्या होत्या, आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता.

तो अभिमान एका जानेवारीत उतरला. कॅनडाकडून वारं सुटलं होतं, रस्ता काचेसारखा झाला होता, आणि गुरांनी भरलेला एक ट्रक गावाबाहेरच्या वळणावर उलटला. ड्रायव्हर बचावला. गुरं खंदकात पडली होती, काहींचे पाय मोडले होते, आणि त्यांचा हंबरडा दूरवर ऐकू येत होता. त्यांना त्या हालांतून सोडवण्यावाचून इलाज नव्हता. कर्टिस फेल्ड हा दांडगा डेप्युटी आधी पोचला. त्याने गाडीच्या डिकीतून रायफल काढली, नेम धरला, चाप ओढला. नुसता टक्‌ आवाज आला. पुन्हा ओढला. पुन्हा टक्‌.

आर्डिस तिथे पोचली तेव्हा ट्रकचा ड्रायव्हर, कपाळाला फडकं बांधलेला, स्वतःची हरणं मारायची बंदूक कर्टिसच्या हातात देत होता.

"ही घे बाबा," तो म्हणाला. "आणि तुझ्या साहेबांना सांग, माझ्या बायकोकडे याहून चांगली आहे. हवी असेल तर तीही पाठवतो."

कर्टिसने ते काम पुरं केलं. परत येताना त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. थंडीने नव्हे.

"सार्जंट, मी साफ केली होती. आईशप्पथ केली होती."

"मला माहीत आहे," आर्डिस म्हणाली. "मागच्या आठवड्यात मीच उघडून बघितली होती. ती माझ्या हातून गेलेली आहे, तुझ्या नव्हे."

आतली कमान झिजली होती, तेल थंडीत घट्ट झालं होतं, आणि दोन्ही मिळून बंदुकीच्या घोड्याचा तडाखा गोळीपर्यंत पोचतच नव्हता. टेबलावर तिचे भाग मांडून आर्डिस बराच वेळ बसून राहिली. समोर गुरं होती म्हणून निभावलं, एवढंच तिच्या मनात घोळत होतं.

शेरीफ डेल रकर्ट तिचा शाळेतला वर्गमित्र. ती त्याच्या खोलीत शिरली आणि तिने दार लावून घेतलं.

"डेल, नव्या रायफली हव्यात. सगळ्यांना."

"अगं, मी तेच म्हणणार होतो!" डेलने खणातून एक चकचकीत पुस्तिका काढली. "शेरीफांच्या अधिवेशनात बघितली मी. आखूड नळी, आवाज दाबणारी नळकांडी, वर दुर्बीण. हेलिकॉप्टरमधून उतरणाऱ्या पथकांकडे असते ती."

"आपल्याकडे हेलिकॉप्टर नाही."

"ते मला माहीत आहे, आर्डी."

"बर्फ उडवायचं यंत्र एक आहे, आणि तेही चर्चकडून मागून आणतो."

डेल हसला, पण त्याने पुस्तिका काही खणात परत टाकली नाही. "मग तुझं काय म्हणणं? तुझी ती लाडकी?"

लाडकी होतीच. एका कंपनीची रायफल आर्डिसने स्वतःच्या पैशांनी घेतली होती. इतकी नेमकी की दूरच्या कुंपणावरचा डबा सांगून उडवावा. कॅफेत तिने तिचे गोडवे इतके गायले होते की चहाकॉफी वाढणाऱ्या पोरींनाही तिचं नाव पाठ झालं होतं.

"माझं म्हणणं तीच घ्यावी," आर्डिस म्हणाली. "पण माझ्या म्हणण्यावर घेऊ नकोस. तीन कंपन्यांकडून उसन्या मागवूया. सगळ्या डेप्युटींनी चालवून बघू दे. मग ठरवू."

ही खबर कंपन्यांना लागायला वेळ लागला नाही. तिच्या लाडक्या रायफलीच्या कंपनीचा विक्रेता ब्रेंट लॅसिटर स्वतः गाडी हाकत आला. बोलायला गोड, ऐकून घ्यायला त्याहून गोड, आणि बंदुकांची खरी जाण असलेला माणूस. चाचणीसाठीची रायफल त्याने दिली आणि मग गाडीतून आणखी एक लांबट पेटी काढली. आत तशीच रायफल, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, आणि दस्त्यावर नक्षीदार अक्षरांत कोरलेलं: आर्डिस हाउगन.

"ही ऑफिससाठी नाही," ब्रेंट म्हणाला. "ही तुमच्यासाठी. इतकी वर्षं आमची तारीफ करताय, कंपनीला आठवण नको?"

आर्डिसने ती हातात घेतली. खांद्याला लावली. वजन कसं तोललेलं, दस्ता कसा गालाला बसलेला. तिने आयुष्यात इतकी सुंदर बंदूक हातात धरली नव्हती, आणि ती परत पेटीत ठेवायला तिला जरा वेळच लागला.

"छान आहे," ती म्हणाली. "चला, तिची सोय लावूया."

ती त्याला जप्त मालाच्या खोलीत घेऊन गेली. तिथे चोरीच्या सायकली, कुणाचा तरी कापलेला कुलूपसाखळदंड आणि बेवारस सापडलेला हार्मोनियमसारखा एक बाजा होता. त्यांच्या शेजारी पेटी ठेवून तिने चिठ्ठी लावली: बेवारस वस्तू, मालक शोधणे चालू.

ब्रेंट चिठ्ठीकडे बघत राहिला. "अहो, तुमचं नाव आहे त्यावर."

"म्हणूनच म्हणते, कुणाची तरी चूक झालेली दिसते. तुम्हाला मालक भेटला तर सांगा, घेऊन जाईल." मग तिने त्याला कॅफेत नेऊन कॉफी पाजली आणि गवगवा न करता डेलच्याही कानावर सगळं घातलं.

चाचणी फेब्रुवारीत, गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत झाली. आर्डिसने तिन्ही रायफलींवरची कंपन्यांची नावं झाकून वर गोधडीच्या चिंध्या बांधल्या. एकीला लाल, एकीला निळी, एकीला पिवळी. कुठली कुणाची हे जाणकाराला ओळखू यायचंच, पण निदान नावाने कुणी बोलू नये. लाल म्हणजे तिची लाडकी. निळी म्हणजे डेलच्या पुस्तिकेतली. पिवळी अगदी साधी, दिसायला पत्र्याच्या बादलीइतकीच आकर्षक.

"काल रात्रभर तिन्ही बंदुका गाडीच्या डिकीत होत्या," तिने सगळ्यांना सांगितलं. "कुणीही टेबलावर टेकवून नेम मारायचा नाही. आपापले कोट, आपापली चिलखतं, आपापले हातमोजे. आपल्या गाडीतून उतरायचं, धावायचं, मग मारायचं."

"मी एका दुपारीच सांगतो कुठली चांगली ते," कर्टिस म्हणाला.

"माझ्यासाठी निवडायची असती तर मीही सांगितलं असतं. मला बघायचंय, आपल्यातला सगळ्यांत वाईट नेमबाज, त्याच्या सगळ्यांत वाईट दिवशी, तिच्याशी काय करतो."

सगळे कर्टिसकडे बघायला लागले.

"माझ्याकडे काय बघता रे!"

पहिल्या फेरीत लाल रायफलीने सगळ्यांना गार केलं. एकामागोमाग एक गोळ्या एकाच ठिकाणी. आर्डिसला आतून बरं वाटलं. दुसऱ्या फेरीत धावताना भुरभुरीत बर्फ उडून तिच्या फटीत गेलं, आणि ती अडकली. आर्डिसने ती मोकळी करून दिली. थोड्या वेळाने पुन्हा अडकली. तिच्या घरची कधीच अडकली नव्हती. पण घरची उबदार कपाटात झोपायची, डिकीत नव्हे, हे तिला तिथे त्या खाणीत उभं राहून पहिल्यांदा सुचलं. निळी चालत होती, पण वर लावलेल्या सामानाने इतकी जड की धावून आल्यावर सगळ्यांच्या नळ्या थरथरत. पिवळीचा नेम लालच्या जवळपासही नव्हता, पण माणसाला पुरेसा होता. बर्फ गेलं, पाणी गेलं, ती आपली चालतच राहिली.

मग जोनी रेडएल्कची पाळी आली. ऑफिसातली सगळ्यांत बुटकी डेप्युटी, आणि डावखुरी. चिलखतावर लालचा दस्ता टेकवला तर तिचा हात पुढे पोचेना. गोळी सुटू न देणारा सेफ्टीचा खटका एकाच बाजूला, उजव्या हाताच्या अंगठ्याखाली. जाड हातमोज्यांत तो शोधायला तिला प्रत्येक वेळी पकड सोडावी लागे. तिने तक्रार केली नाही, नेमही बरा मारला. रायफल परत देताना एवढंच म्हणाली, "बंदूक चांगली आहे, सार्जंट. फक्त ती बनवताना कुणी माझा विचार केलेला नाही."

पिवळीला खटके दोन्ही बाजूंना होते आणि दस्ता आतबाहेर सरकत होता. जोनीने ती उचलली आणि काहीच घडलं नाही, म्हणजे अडखळणं नाही, शोधणं नाही. गाडीतून उतरली, धावली, मारली, खटका लावला.

त्या रविवारी आर्डिस एकटीच खाणीत गेली आणि दिवसभर डाव्या खांद्यावरून, हातमोजे घालून, लाल रायफल चालवत बसली. संध्याकाळी तिचा खांदा भरून आला होता आणि चिडचिड झाली होती. सोमवारी तिने डेलला सांगितलं, "पिवळी."

"आर्डी! तीन वर्षं कान किटवलेस आमचे."

"हो. आता पिवळी."

"डावखुरी आपल्याकडे एकच आहे."

"एकच आहे. तिला काय अंधाऱ्या घरात शिरताना आपण सूट देतो?"

ब्रेंटला कळलं तेव्हा तो धावत आला. "खटका बदलून देतो आम्ही. दोन्ही बाजूंना लावून देतो."

"खटका बदलाल हो. आमची थंडी कशी बदलणार?"

तो हसला. वाद घालण्यासारखं काही नव्हतं आणि ते त्याला समजत होतं. जाताना त्याने जप्त मालाच्या खोलीतून आपली लांबट पेटी उचलली. "मालक सापडला," तो म्हणाला. "तुमच्यासारखी दोन गिऱ्हाइकं भेटली तर मी उपाशी मरेन, बाई. पण तिसऱ्याला मी तुमचंच उदाहरण देईन."

पैसे मंजूर करायचे ते काउंटीच्या निवडून आलेल्या कमिशनरांनी. त्यांचा म्होरक्या लॉइड स्टेनरुड धान्याच्या कोठाराचा मालक, रोज सकाळी कॅफेत आर्डिसच्या शेजारच्या स्टुलावर बसणारा.

"मी स्वतः ऐकलंय," लॉइड भर सभेत म्हणाला, "ती दुसरी बंदूक म्हणजे जगात तोड नाही म्हणून. माझी कॉफी गार झाली ऐकता ऐकता. मग झालं काय?"

"रात्रभर डिकीत ठेवली," आर्डिस म्हणाली.

सभेत हशा पिकला. आर्डिसही हसली, पण कान लाल झाले होते तिचे. मग ती उभी राहिली आणि म्हणाली की डेलसाहेबांच्या मनातल्या रायफलीपेक्षा ही स्वस्त आहे, तर उरलेले पैसे परत घेऊ नका. त्याच्या गोळ्या द्या आणि सरावाचे दिवस द्या. आत्ता डेप्युटी वर्षातून एकदा नेम मारतात, तेवढ्याने मलाही काही येणार नाही. दुर्बिणी नकोत, पुढे लावायला एकेक चांगली बॅटरी मात्र हवी.

"म्हणजे बंदूक साधी आणि मास्तरीण महाग," लॉइड म्हणाला.

"मास्तरीण तेवढ्याच पगारात, लॉइड."

मंजूर झालं. डेल थोडे दिवस फुगून होता. रायफली आल्या तेव्हा आर्डिसने प्रत्येक डेप्युटीला आपापली दिली. दस्ता त्याच्या त्याच्या हाताच्या मापाने बसवला, नेम त्याच्या त्याच्या डोळ्याने जुळवला, आणि दुसऱ्याच्या रायफलीला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद दिली. उन्हाळाभर खाणीत सराव चालला. मारायचा सराव होताच. त्याहून जास्त सराव होता रायफल उचलून न मारण्याचा. उचल, बघ, थांब, खटका लाव, खाली कर. कर्टिस वैतागायचा. "सार्जंट, आज एकही गोळी उडवली नाही मी!" "उत्तम. पुन्हा कर."

नोव्हेंबर उजाडला. एका दुपारी, उन्हं उतरायला लागली असताना, वेल्डा क्विस्टचा फोन आला. तिचा नवरा मर्विन म्हातारपणी सगळं विसरत चालला होता. आज त्याच्या डोक्यात बसलं की कुणीतरी गुरं पळवायला आलंय. तो हरणं मारायची बंदूक भरून अवजारांच्या गोदामापुढे उभा होता. वेल्डा समजवायला गेली तर त्याने तिलाही ओळखलं नाही, एक गोळी तिच्या डोक्यावरून छपरात मारली.

सगळ्यांत जवळ जोनी होती. आर्डिस आणि कर्टिस पोचले तेव्हा जोनी आपल्या गाडीच्या इंजिनाआड वाकलेली होती. रायफल बॉनेटवर टेकवलेली, गाल दस्त्याला, बोट चापाच्या बाहेर. अंगणापलीकडे मर्विन उभा होता, बंदुकीची नळी जमिनीकडे.

"एकदा उचलली त्याने," जोनी मान न वळवता हलक्या आवाजात म्हणाली. "माझ्यावर रोखली. मी खटका काढला. मग त्याने खाली केली. मी परत लावला."

"तू बरी आहेस?"

"बोटं गारठलीत. बाकी बरी."

आर्डिसने कर्टिसला गोदामाच्या मागून जायची खूण केली आणि स्वतः ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाआड गेली.

"मर्विन! मी आर्डिस. ओलाफची पोर!"

मर्विनने डोळे बारीक केले. "ओलाफ कुठाय?"

आर्डिसचा बाप कधीच गेला होता. "त्याला नाही जमलं यायला," ती म्हणाली. "म्हणून मी आले. काय झालं?"

"गुरं न्यायला आलेत. ती बघ, तिकडे, टोपीवाली!"

"ती आपलीच आहे रे! रेडएल्कांची. तिच्या आजोबांकडून तू घोडे घेतले होतेस, आठवतं?"

मर्विन विचारात पडला. नळी जरा वर आली, पुन्हा खाली गेली.

"लंगडा दिला मला एक," तो अखेर म्हणाला. "लबाड होता म्हातारा!"

"होताच लबाड!" गाडीच्या आडून जोनी ओरडली. "आम्हालाही माहीत आहे!"

मर्विनला हसू फुटलं. हसता हसता खोकला आला, नाक वाहायला लागलं, आणि रुमाल काढण्यासाठी त्याने बंदूक भिंतीला टेकवून ठेवली. कर्टिस मागून आला, एका हाताने बंदूक उचलली आणि दुसरा हात म्हाताऱ्याच्या खांद्याभोवती टाकला.

"चल आजोबा, आत जाऊ. थंडी आहे."

"तू कुणाचा रे?" मर्विनने विचारलं.

रुग्णवाहिका त्याला घेऊन गेल्यावर डेल आला. त्याने जोनीला बाजूला घेतलं. "त्याने तुझ्यावर रोखली. मारली असतीस तर तुला कुणी बोल लावला नसता. का थांबलीस?"

जोनी हातमोजे काढून बोटांवर फुंकर घालत होती. "मला माहीत होतं की चाप ओढला तर रायफल चालेल," ती म्हणाली. "शंभर टक्के माहीत होतं. त्या जुन्या रायफली होत्या ना, तेव्हा माझ्या मनात सारखं असायचं की चालली नाही तर, म्हणून आधीच मारावी. आज तसं काही नव्हतं. म्हणून आणखी एक क्षण देता आला त्याला. मग आणखी एक."

डेलने आर्डिसकडे बघितलं, टोपी काढली, परत घातली, आणि गाडीकडे गेला.

आर्डिस घरात गेली. वेल्डा स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, पुढ्यात लाटण्याखालची अर्धी लेफ्से, बटाट्याची ती पातळ पोळी, तशीच सुकत पडलेली. आर्डिसने कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं आणि न विचारता लाटणं हातात घेतलं.

"आर्डिस," दोन पोळ्या लाटून झाल्यावर वेल्डा म्हणाली, "मला खरं सांग. त्याने परत उचलली असती तर?"

आर्डिसचं लाटणं थांबलं. "तर जोनीने त्याला मारलं असतं," ती म्हणाली. "आणि तिची गोळी चुकली नसती. मीच शिकवलंय तिला."

वेल्डाने मान हलवली. पदरासारखं अंगाभोवती गुंडाळलेलं लोकरीचं पांघरूण तिने घट्ट केलं. खिडकीबाहेर जोनी अजून गाडीपाशी उभी होती, हात काखेत खुपसून.

"ती पोर अजून बाहेरच आहे?"

"हो."

"मग तिला आत बोलाव ना," वेल्डा म्हणाली आणि कपाटातून तिसरा कप काढायला उठली. "गारठून जाईल ती."